सूज आणि बाळसे : ‘मी’ घडतो कसा?



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. प्रभू येशूने शिष्यांना स्वतःचा त्याग करून, क्रूस उचलून मागे येण्यास सांगितले, तो उतारा रविवारच्या शुभवर्तमानात होता. मी अहंकारावर प्रवचन केले. ‘मी’ मेला पाहिजे, ‘मी’ हाच आपला सर्वांत मोठा शत्रू आहे, असे बरेच काही बोललो. मिस्सा संपल्यावर दोघातिघांनी “फादर, आज छान बोललात” म्हणून हात मिळवला आणि मला ते मनापासून आवडले. अहंकारावरचे प्रवचन चांगले झाले म्हणून सुखावणे, यातली विसंगती तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

सगळे गेले तरी पन्नाशीच्या एक बाई चर्चच्या आवारात थांबून राहिल्या होत्या. त्यांची ओळख पटेल असे काही मी येथे लिहीत नाही आणि हे लिहिण्यास त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, “फादर, एक विचारू? लग्न करून आले तेव्हापासून सासू-सासरे, दीर, मुलं, आता नातवंडं, सगळ्यांचं केलं. मला काय आवडतं ते कोणी विचारलं नाही, मीपण सांगितलं नाही. तुम्ही म्हणता तसा माझा ‘मी’ कधीच मेलाय. मग मला शांती का नाही मिळत? आतून नुसता राग का येतो?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. “प्रार्थना करा, मीही करतो” असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न पाठ सोडीना. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना केलेली जुनी टिपणे बाहेर काढली, नवे काही वाचले. आजचा पाठ म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि माझ्या त्या प्रवचनाची दुरुस्तीही.

एका शब्दाचे दोन अर्थ

‘इगो’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. “त्याचा इगो दुखावला”, “तिला फार इगो आहे” असे आपण सहज बोलतो, आणि त्याचा अर्थ ताठा, घमेंड असा करतो. मूळ लॅटिन भाषेत मात्र ‘एगो’ म्हणजे नुसते ‘मी’. पापक्षमेच्या लॅटिन सूत्रात धर्मगुरू स्वतःसाठी हाच शब्द वापरतो. त्यात ताठा कुठे आहे?

व्हिएन्नाच्या डॉ. सिग्मंड फ्रॉईड यांनी १९२३ साली मनाच्या रचनेवर पुस्तक लिहिले. त्यांनी वापरलेला जर्मन शब्दही साधाच होता, ‘दास इश’, म्हणजे ‘मी’. इंग्रजी भाषांतरात त्याचा ‘इगो’ झाला आणि तो जगभर पसरला. फ्रॉईड यांच्या मते या ‘मी’ला तीन बाजू सांभाळाव्या लागतात. एकीकडून वासना ओढतात, दुसरीकडून मनात बसलेला पंतोजी दटावतो आणि तिसरीकडे बाहेरचे खरे जग उभे असते. त्यांनी घोडेस्वाराची उपमा दिली आहे. बळ घोड्याचे असते, दिशा स्वार देतो. फ्रॉईड यांची धर्माविषयीची मते आपल्याला मान्य नाहीत, पण एवढे निरीक्षण घेण्यासारखे आहे. स्वारालाच खाली पाडले तर घोडा साधू होत नाही, तो उधळतो.

आपल्या देशातही ‘अहंकार’ या शब्दाला असा एक शांत अर्थ होता. सांख्य दर्शनात अहंकार हे एक तत्त्व आहे. बुद्धीनंतर ते येते आणि अनुभवांना ‘हे माझे’ अशी जोड देते. तेथे तो शब्द शिवी नाही.

तेव्हा एकाच नावाखाली आपण दोन गोष्टी कोंबल्या आहेत. तान्ह्या मुलाचा गुबगुबीत गाल पाहून घरातली जाणती बाई विचारते, “हे बाळसं आहे की सूज?” दोन्ही दिसायला सारखी, पण बाळसे आरोग्याचे आणि सूज रोगाची. कधी कधी बोटाने दाबले की कळते, कारण सुजेवर खड्डा राहतो. ‘मी’चेही तसेच आहे. त्याला बाळसे धरू दिले पाहिजे आणि सूज उतरवली पाहिजे. माझ्या प्रवचनात मी दोन्ही एकत्र करून दोन्हींवर चाकू चालवला होता.

आरशातले मूल

‘मी’ आपण जन्मताना तयार घेऊन येत नाही. स्वतःचे अंग आणि बाहेरचे जग यांतला काही फरक बाळाला लवकर जाणवू लागतो, पण ‘हा मी’ ही ओळख पटायला वेळ लागतो.

अमेरिकेतील गॉर्डन गॅलप या संशोधकाने १९७० साली चिंपांझींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना भूल देऊन चेहऱ्यावर रंगाचा ठिपका लावला आणि शुद्धीवर आल्यावर समोर आरसा ठेवला. आरशाची आधी सवय झालेल्या चिंपांझींनी आरशात पाहून स्वतःच्या चेहऱ्यावरचा ठिपका चाचपला. १९७२ साली ब्यूला ॲम्स्टरडॅम या संशोधिकेने लहान मुलांच्या नाकाला लाली लावून असेच करून पाहिले. लहानगी बाळे आरशातल्या मुलाकडे पाहून हसतात, त्याच्याशी खेळू पाहतात. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास पुष्कळ मुलांचा हात आरशाकडे न जाता स्वतःच्या नाकाकडे जातो. ‘तो मीच!’ हे त्यांना कळलेले असते. सगळ्या समाजांत या प्रयोगाचे निकाल सारखे येत नाहीत, म्हणून कोणी वयाचा आकडा धरून बसू नये आणि घरच्या बाळाची परीक्षा घेऊ नये.

त्याच सुमारास घरात आणखी काही बदल दिसतात. “बाळाला पायजे” म्हणणारे मूल “मला पायजे” म्हणू लागते. कोणी टक लावून पाहिले तर लाजून आईच्या पदराआड जाते. आणि दिवसातून पन्नास वेळा “नाही!” आणि “माझं!” ऐकू येते. आपण म्हणतो, पोर हट्टी झाले. खरे तर ते नुकतेच कुणीतरी झाले आहे. त्याला शिस्त लावावी लागते, हे खरे. पण शिस्त लावणे वेगळे आणि नुकत्याच फुटलेल्या कोंबावर पाय देणे वेगळे.

काचेच्या आरशात फक्त चेहरा दिसतो. आपण कसे आहोत, हे मूल दुसऱ्या आरशात पाहते, आणि तो आरसा म्हणजे आपली तोंडे. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली हा विचार मांडला. मी दुसऱ्याला कसा दिसत असेन, तो मला काय समजत असेल, याची आपण मनात कल्पना करतो आणि त्यावरून आपल्याला अभिमान किंवा शरम वाटते. ज्याला घरी रोज “ढ आहेस” असे ऐकावे लागते, तो काही दिवसांनी स्वतःच स्वतःला तसे म्हणू लागतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही, वेगळ्या मार्गाने, सांगितले होते की मन स्वतःला थेट पाहू शकत नाही. ते आधी बाहेरच्या वस्तू जाणते आणि त्या जाणण्याच्या कृतीतून स्वतःला ओळखते. आपल्याला स्वतःकडे जाण्याचा रस्ता बाहेरून आहे.

दोन नावांचा मुलगा

या विषयावर ज्याने आयुष्यभर काम केले, त्या एरिक एरिक्सन यांची स्वतःची कहाणीच बोलकी आहे. ते १९०२ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे जन्मले. आई डेन्मार्कची ज्यू. जन्मदाता पिता कोण, हे त्यांना अखेरपर्यंत समजले नाही. आईने पुढे डॉ. होमबर्गर या बालरोगतज्ज्ञांशी विवाह केला आणि तेच आपले वडील, असे मुलाला सांगण्यात आले. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. प्रार्थनामंदिरात ज्यू मुले त्याला परका म्हणून चिडवीत आणि शाळेत जर्मन मुले ज्यू म्हणून चिडवीत. दोन्ही आरशांत त्याला स्वतःचा चेहरा दिसेना.

तरुणपणी तो चित्रे काढत भटकला. १९२७ साली व्हिएन्नात लहान मुलांच्या शाळेत शिकवायला लागला आणि तेथे फ्रॉईड यांची कन्या ॲना यांच्याकडे मनोविश्लेषण शिकला. १९३३ साली अमेरिकेस गेला. १९३९ साली तेथील नागरिकत्व घेताना त्याने ‘एरिक्सन’, म्हणजे ‘एरिकचा पुत्र’, असे आडनाव धारण केले. मात्र होमबर्गर हे नाव टाकले नाही, मधले नाव म्हणून ‘एच.’ या अक्षरात जन्मभर जपले. वाढवणाऱ्या पित्याचे ऋण आणि स्वतःचा शोध, दोन्ही त्या सहीत आहेत.

१९५० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एरिक्सन यांनी माणसाच्या वाढीच्या आठ पायऱ्या मांडल्या. तान्हेपणी विश्वास, मग स्वतंत्रपणा, मग पुढाकार, शाळेच्या वयात कामाची गोडी, किशोरवयात ‘मी कोण?’ याची ओळख, तारुण्यात जवळीक, प्रौढपणी पुढच्या पिढीची काळजी आणि म्हातारपणी आयुष्याचा समाधानाने स्वीकार. ही परीक्षा नव्हे की एक पायरी चुकली म्हणून माणूस नापास झाला. राहिलेले काम पुढेही करता येते. पण यातला क्रम पाहा. ओळख आधी येते, जवळीक नंतर. ज्याला स्वतःचा पत्ता नाही, तो दुसऱ्याला घरी कसा बोलावणार?

वसईच्या आपल्या मुलांना एरिकचे दुखणे थोडेफार कळेल. घरी सामवेदी किंवा वाडवळी, चर्चमध्ये मराठी, शाळेत पुष्कळदा इंग्रजी. १५३४ ते १७३९ या काळात येथे पोर्तुगीज सत्ता होती आणि आपली आडनावे त्या काळातून आली आहेत. मुलगा मुंबईच्या कॉलेजात जातो, आडनाव सांगतो, आणि समोरचा विचारतो, “तू मराठी कसा काय बोलतोस?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण मुलगा घरी गप्प गप्प येतो. त्या संध्याकाळी “असल्या गोष्टींकडे लक्ष देऊ नकोस” म्हणून विषय मिटवू नका. आपले आजोबा काय पेरत होते, आजी कोणती गाणी म्हणत असे, ही नावे आपल्याकडे कशी आली, हे त्याला सांगा. दोन्ही हातांत धरण्याजोगे काही मिळाले, की दोन किनाऱ्यांमध्ये पूल होतो. नाही मिळाले, तर मुलगा एक किनारा तोडून टाकतो.

मग त्याग कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘मी’ला बाळसे धरू द्यायचे, तर प्रभूने सांगितलेल्या त्यागाचे काय?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात स्वतःचा त्याग करण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘नाकारणे’, ‘ओळख न दाखवणे’ असा होतो. चौदाव्या अध्यायात पेत्र आपल्याला नाकारील असे भाकीत येशू करतो, तेथेही तेच क्रियापद आहे. हा योगायोग असो वा नसो, पेत्राकडे पाहिले की सूज आणि बाळसे यांतला फरक दिसतो. बाकीचे सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही, असे तो छातीठोकपणे सांगतो. त्याच रात्री अंगणात एका दासीने साधा प्रश्न विचारला आणि हा धिप्पाड कोळी कोलमडला. बोट दाबले आणि खड्डा पडला. ती सूज होती.

पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी प्रभूने त्याचे काय केले? त्याचा पाणउतारा केला नाही. जुन्या घरच्या नावाने, वडिलांच्या नावासह, त्याला तीन वेळा हाक मारली, प्रेमाविषयी विचारले आणि कळप त्याच्या हाती दिला. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा ‘मी’ परत मिळाला. या वेळी पेत्र इतरांशी तुलना करत नाही, फुशारकी मारत नाही. तो लहान झाला आहे, पण पोकळ झालेला नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे. शिष्यांचे पाय धुण्यासाठी येशू उठतो, त्याआधी शुभवर्तमानकार मुद्दाम एक गोष्ट नोंदवतो. आपण कोठून आलो, कोठे जाणार आणि पित्याने आपल्या हाती काय दिले, हे येशूला ठाऊक होते. त्यानंतर तो कमरेला रुमाल बांधतो. हा क्रम मी कितीतरी पवित्र गुरुवारी वाचला, पण नीट पाहिला नव्हता. स्वतःची ओळख आधी, सेवा नंतर. तो वाकला, कारण वाकल्याने आपले काही कमी होत नाही हे त्याला माहीत होते. ज्याला हे माहीत नसते, त्याला बळेच वाकवले जाते. बाहेरून दोघांची पाठ सारखीच दिसते.

म्हणून त्याग करायचा तो सुजेचा. माझेच खरे, माझे नाव आधी घ्या, मला कोणी बोलायचे नाही, ही ती सूज. खरा ‘मी’ तर देण्यासाठीच मिळालेला असतो. पण जे मिळालेच नाही किंवा हिसकावून घेतले, ते देणार कसे? ‘सोडणे’ आणि ‘हिरावले जाणे’ यांत फरक आहे.

कॅरल गिलिगन या अमेरिकी विदुषींनी १९८२ साली स्त्रियांच्या मनोगतांवर आधारलेले पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवले की पुष्कळ स्त्रिया चांगुलपणा म्हणजे स्वतःला पुसून टाकणे, अशा समजुतीच्या टप्प्यावर अडकतात. त्यापुढचा, अधिक परिपक्व टप्पा असा, की आपण ज्यांची काळजी घेतो त्या माणसांत स्वतःचाही समावेश होतो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या आज्ञेतही ‘स्वतः’ हे माप गृहीत धरलेले आहे.

त्या बाईंना पुढे भेटलो तेव्हा मी माझी चूक कबूल केली. मग विचारले, “लग्नाआधी तुम्हाला काय करायला आवडायचं?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. आठवेनाच. आठवड्याने स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, “फादर, मी गायचे.” आता त्या दर गुरुवारी संध्याकाळी गायनवृंदाच्या सरावाला येतात. त्या दिवशी घरच्यांना जेवण स्वतः गरम करून घ्यावे लागते. घरात त्यावरून धुसफूस आहे, ती अजून मिटलेली नाही. एकदा त्यांनी मला विचारले, “फादर, हा माझा अहंकार तर नाही?” मी म्हणालो, “शुक्रवारी सकाळी नातवंडांना डबा देताना राग येतो का, ते बघा.” त्या हसल्या. म्हणाल्या, “कमी येतो.”

घरी करून पाहण्यासाठी

१. मुलाची चूक दाखवा, मुलाला चूक ठरवू नका. “हे खोटे बोललास” म्हणा. “तू खोटारडाच आहेस” म्हणू नका. पहिल्यात सुधारण्याला जागा राहते, दुसऱ्यात मूल शिक्क्यासारखे उमटते.

२. चारचौघांत अपमान करून नम्रता शिकवता येत नाही. अपमानाने माणूस दबतो किंवा फुगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मीही हे केले आहे. त्या मुलांची येथे क्षमा मागतो.

३. घरात जे सर्वांत कमी बोलतात, त्यांना या आठवड्यात एकदा विचारा, “तुम्हाला काय आवडेल?” आणि उत्तराची वाट पाहा.

४. कोणी टीका केली, की लगेच उत्तर देऊ नका. ती रात्रभर राहू द्या. सकाळी खड्डा तसाच असेल, तर सूज किती आहे ते कळेल.

कुटुंबात किंवा समूहात चर्चेसाठी

१. ‘मी असा आहे’ असे आपण स्वतःबद्दल जे मानतो, ते प्रथम कोणाच्या तोंडून ऐकले?

२. आपल्या घरात कोणाची सेवा मनापासून होते आणि कोणाची नाइलाजाने? आपण कधी विचारले आहे का?

३. पेत्राप्रमाणे एखाद्या साध्या प्रश्नाने आपण केव्हा कोलमडलो? तेव्हा आपल्याला नावाने हाक कोणी मारली?

स्नानसंस्कारासाठी बाळाला आणतात, तेव्हा चर्चच्या दारात धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतो तो नावाचा. पापाचा, पाण्याचा, तेलाचा विषय त्यानंतर येतो. त्या बाळाला अजून ‘मी’ म्हणता येत नाही. आधी कोणीतरी त्याला ‘तू’ म्हणावे लागते. पुढच्या वेळी स्नानसंस्काराला उपस्थित राहाल तेव्हा तो प्रश्न नीट ऐका, आणि आपल्याला कोणी कोणी ‘तू’ म्हटले त्यांची आठवण करून देवाचे आभार माना.

आपला,
प्रमुख धर्मगुरू